थंडीवर घातलेला आळ

दिवाळी उरकते, माळशिरस तालुक्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, अकलूज-वेळापूरच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि त्याच सुमारास काचेच्या टाकीत झिंगे पाळणाऱ्या हौशी लोकांना एक ठरलेला सल्ला ऐकू येऊ लागतो: थंडी आली, हीटर लावा, पाणी सव्वीस अंशांवर ठेवा, नाहीतर झिंगे जातील. दुकानदार तो देतो, आधीपासून पाळणारा नव्याला देतो, आणि जानेवारीत दोन-चार झिंगे पालथे पडलेले दिसले की सल्ला खरा ठरला असे धरले जाते. आठवडी बाजारात सुकट म्हणून शेरावर मिळणारा हा जीव लाल रंगाचा झाला, नगावर विकला जाऊ लागला आणि एकदम नाजूक ठरला, ही गंमत बाजूला ठेवू. पण सल्ल्याची तपासणी व्हायला हवी, कारण तो निरुपद्रवी नाही. इथल्या हवेत सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या चेरी जातीच्या झिंग्यांना हिवाळ्यात हीटरची गरज नाही, आणि थंडीच्या नावावर मांडले जाणारे पुष्कळसे मृत्यू थंडीचे नसून थंडीवरच्या उपायांचे असतात, असे माझे म्हणणे आहे. ज्या ऋतूत या जिवाला खरोखर जपायला हवे, तो इथे होळीनंतर सुरू होतो.

आधी हा प्राणी कुठला ते पाहू. चेरी श्रिंप म्हणून विकला जाणारा झिंगा म्हणजे निओकॅरिडिना डेव्हिडी. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ बूव्हिए याने १९०४ साली त्याचे वर्णन केले. लाल, पिवळा, निळा हे रंग माणसाने निवड करकरून पक्के केलेले. मूळचा झिंगा मातकट, अर्धपारदर्शक, बोटाच्या दोन पेरांपेक्षा लांब नसलेला. त्याचे घर पूर्व चीन, कोरिया, तैवान या पट्ट्यात आहे. ‘उष्ण कटिबंधातला जीव’ ही जी चिठ्ठी त्याच्या पिशवीवर चिकटवली जाते तिचा उगम रंगात असावा, भूगोलात तरी तो नाही. यांग्त्झे नदीच्या मधल्या खोऱ्यात जानेवारीचे सरासरी तापमान चार-पाच अंशांच्या घरात असते. कोरियात तर नद्यांच्या कडा गोठतात. जपानमध्ये याचा सख्खा भाऊ, निओकॅरिडिना डेंटिक्युलाटा, लोक मेडाका माशांबरोबर अंगणातल्या कुंड्यांत आणि हौदांत बारा महिने उघड्यावर ठेवतात. हिवाळ्यात वर बर्फाची पापडी धरते, झिंगे तळाच्या पाल्यात दडून बसतात आणि वसंतात पुन्हा चरायला बाहेर पडतात. ज्या कुळाने बर्फाखाली दिवस काढायची सवय लावून घेतली, त्याला माळशिरसच्या थंडीत गोधडी पांघरायची ही घाई कशासाठी?

यावर एक चांगला आक्षेप घेता येतो आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. युरोपात हा झिंगा मोकळ्या पाण्यात सापडला तो कुठे? जर्मनीत गिलबाख नावाच्या ओढ्यात, जिथे वीजकेंद्राचे कोमट पाणी सोडले जाते. २०१३ साली त्याची नोंद प्रसिद्ध झाली. पोलंडमध्ये सापडला तोही ओडर नदीकाठच्या वीजकेंद्राच्या गरम पाण्याच्या कालव्यात. म्हणजे थंड देशात त्याने गरम पाण्याचाच आसरा शोधला. मग थंडी सोसतो हे कसे मानायचे? उत्तर असे की टिकणे आणि वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मध्य युरोपातल्या न तापवलेल्या ओढ्यांचे पाणी कित्येक महिने पाच अंशांखाली राहते आणि उन्हाळाही बेताचा असतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या वस्ती टिकवायची तर प्रजननाला पुरेसे उबदार दिवस मिळायला हवेत, ते कोमट पाण्यात मिळाले. या पुराव्यातून फार तर एवढे निघते की जर्मनीचा हिवाळा या झिंग्याला जड जात असावा. माळशिरसचा हिवाळा जड जातो असे त्यातून कुठेच निघत नाही. जर्मनीच्या हिवाळ्यासाठी लिहिलेला सल्ला सोलापूर जिल्ह्यात उचलून आणणे म्हणजे महाबळेश्वरचा रेनकोट घालून माणदेशात फिरण्यासारखे आहे.

आता आपली थंडी किती ते मोजू. सोलापूर जिल्ह्यात जानेवारीत रात्रीचे तापमान साधारण पंधरा अंशांच्या आसपास असते. उत्तरेकडून गार वारे आले की चार-सहा दिवस ते दहापर्यंत किंवा त्याखाली उतरते. जिल्ह्यातल्याच करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा एकआकडी पारा वर्तमानपत्रांत झळकतो तो अशाच दिवसांत. पण हे हवेचे आकडे आहेत, तेही उघड्यावरच्या हवेचे. झिंगा पाण्यात राहतो आणि पाणी हवेच्या मागून, रेंगाळत चालते. पन्नास लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने बदलायला पन्नास किलोकॅलरी उष्णता जावी किंवा यावी लागते. पहाटेचे दोन-तीन थंड तास तेवढी उष्णता बंद खोलीतल्या टाकीतून काढून घेईपर्यंत सूर्य वर आलेला असतो. घरातल्या टाकीचे पाणी त्यामुळे कडाक्याच्या दिवसांतही अठराच्या खाली फारसे जात नाही, आणि पत्र्याच्या शेडमधल्या किंवा गच्चीवरच्या टाकीचे गेले तरी चौदा-पंधरापर्यंत. चेरी झिंग्याच्या दृष्टीने ही कडाक्याची थंडी नव्हे, माहेरच्या शरद ऋतूतली एक सकाळ आहे. ज्यांची टाकी दहा लिटरची आहे त्यांचे मात्र पाणी लवकर गारठते आणि लवकर तापते. तिथे दोष टाकीच्या आकाराचा आहे. मागच्या काचेला आणि बुडाखाली थर्माकोल लावून तो बराचसा झाकता येतो.

मग हिवाळ्यात झिंगे मरतात ते का? मरतात हे खरे आहे, आणि मरतात ते बहुधा पाणी बदलल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, हे नीट पाहणाऱ्याच्या ध्यानात येते. इथे तालुक्याच्या पाण्याची खोड समजून घ्यायला हवी. बोअरचे पाणी जमिनीच्या पोटातले असल्याने ते वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचे असते, आणि ते तापमान त्या भागाच्या वार्षिक सरासरीच्या जवळ जाते. आपल्याकडे सत्तावीस अंश धरायला हरकत नाही. म्हणूनच डिसेंबरच्या पहाटे मोटर चालू केली की पाण्यातून वाफ निघताना दिसते. उलट गच्चीवरच्या काळ्या सिंटेक्समधले पाणी पहाटे चौदा-पंधरा अंशांवर असते आणि दुपारी तीनला चांगले कोमट. आता हिशेब करा. हीटर नसलेल्या अठरा अंशांच्या टाकीतले एक तृतीयांश पाणी काढून बोअरचे भरले तर टाकी एकवीसवर जाते. पाच मिनिटांत तीन अंशांची उडी. ही उडी बरी नाहीच. पण हीटर लावून सव्वीसवर ठेवलेल्या टाकीत सकाळी गच्चीवरचे पाणी तेवढेच भरले, तर पारा थेट बावीसवर घसरतो. तेवढ्याच वेळात जवळजवळ चार अंशांची पडझड, आणि तीही उबेला सरावलेल्या शरीराची. वस्तीवर रात्री वीज गेली तर काय? हीटर बंद, टाकी सव्वीसवरून पहाटेपर्यंत एकोणीस-वीसवर. वीज आली की पुन्हा चढण. हीटर नसलेल्या टाकीला वीज गेल्याचे कळतही नाही. ज्या संकटासाठी हीटर आणला ते संकट हीटरच रोज रात्री घरी घेऊन येतो. त्यात स्वस्त हीटरचा थर्मोस्टॅट चिकटून बसला तर झिंगे शिजतात; थंडीने अठरावर आणलेली टाकी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी आपोआप सावरते.

तापमान हळूहळू उतरले तर झिंग्याचे शरीर स्वतःला जुळवून घेते. बाहेरच्या पाण्याबरोबर ज्याचे शरीर तापते-निवते अशा प्राण्याची ही मूळ रीत आहे: पेशींच्या पडद्यांतली चरबी बदलते, हालचाल मंदावते, प्राणवायूची गरज घटते, दोन कात टाकण्यांमधले अंतर वाढते. हे सारे व्हायला दिवस लागतात, मिनिटे पुरत नाहीत. ऑक्टोबरच्या उकाड्यापासून संक्रांतीच्या गारठ्यापर्यंत आपल्याकडे पाणी अडीच-तीन महिन्यांत उतरते. यापेक्षा सौम्य उतरण कोणत्याही यंत्राला देता येणार नाही. आणि याच मंदावण्याला लोक आजार समजतात. ‘हलत नाहीत, खात नाहीत’ ही तक्रार घेऊन हीटर विकत घेतला जातो. खात नाहीत कारण त्यांना भूक नाही. चुकते ते खाणे घालणाऱ्याचे: उन्हाळ्याइतकीच गोळी रोज टाकली जाते, ती पडून कुजते, पाण्यात अमोनिया वाढतो, आणि अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणूही थंडीत सुस्तावलेले असतात. झिंगा मेला तो शिळ्या अन्नाने, नाव लागले थंडीचे.

अमोनियाचा मुद्दा आणखी एका कारणासाठी इथे महत्त्वाचा आहे. दख्खनच्या काळ्या खडकातून येणारे आपले बोअरचे पाणी जड आणि अल्कधर्मी असते. सामू आठच्या आसपास सहज भरतो. अशा पाण्यात एकूण अमोनियापैकी विषारी रूपातला हिस्सा तापमानाबरोबर वाढतो. सामू आठ असताना पंधरा अंशांना हा हिस्सा पावणेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, पंचवीस अंशांना तो साडेपाचच्या जवळ जातो. म्हणजे दुर्लक्षाने घाण झालेल्या पाण्यात हीटर लावणारा माणूस त्याच घाणीचे विष दुप्पट करतो. थंड पाणी इथे चूक पोटात घालते.

हीटरच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत वजनदार युक्तिवाद पिल्लांचा आहे. थंडीत माद्या पोटाखाली अंडी धरत नाहीत, धरली तर ती उबायला वेळ लागतो. चोवीस ते अठ्ठावीस अंशांत सगळे झपाट्याने होते. हे मान्य आहे, आणि ज्याला विक्रीसाठी पैदास करायची आहे त्याने वीज जाळावी. तो त्याच्या धंद्याचा हिशेब आहे. पण पैदास थांबणे आणि जीव जाणे यांत फरक करायला नको का? शेळी दर महिन्याला वीत नाही म्हणून तिला कोणी आजारी समजत नाही. शिवाय उबेची किंमत पिल्लांतच मोजली जाते, ती अशी. तुर्कस्तानातल्या संशोधकांनी २०१७ साली या झिंग्याची पिल्ले वेगवेगळ्या तापमानांत वाढवून नर-माद्यांची मोजणी केली, तेव्हा वीस अंशांना वाढलेल्या पिल्लांत सुमारे ८० टक्के माद्या निघाल्या, तेवीसला निम्म्या, आणि सव्वीसला पाचांतली एकही पुरती नाही. एका प्रयोगावरून सगळे ठरवू नये, पण सव्वीस अंशांवर टाकी बांधून ठेवणाऱ्यांनी हा आकडा निदान विचारात घ्यावा. ज्या उबेने पुढची पिढी वाढवायची, तीच ऊब त्या पिढीत आया कमी करत असेल तर हीटरचा सौदा दिसतो तेवढा फायद्याचा राहत नाही.

सरसकट विधान करून चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून अपवाद स्पष्ट सांगतो. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या खोल, जुन्या सरोवरांतले झिंगे वेगळ्या घडणीचे आहेत. मातानो सरोवरातला कॅरिडिना डेनर्ली, २००९ साली वर्णन झालेला, अंगावर पांढरे ठिपके असलेला लाल झिंगा, बारमाही कोमट पाण्यात घडला आहे. त्याला हिवाळा ठाऊकच नाही. तो पाळायचा तर हीटर हवाच, आणि खरे तर माळशिरसमध्ये तो पाळायचा हट्टही नको. याउलट जपानमध्ये हिसायासु सुझुकी यांनी मधमाशी झिंग्यातून निवडून काढलेला लाल-पांढरा क्रिस्टल रेड डोंगरी झऱ्यांच्या कुळातला आहे. त्याला वीस-बावीस अंश मानवतात आणि तिशी ओलांडली की तो कोसळतो. त्यालाही जानेवारीत हीटर सुचवला जातो तेव्हा सल्ला देणाऱ्याने जातीचे नाव तरी विचारले होते का, अशी शंका येते. राहता राहिला तो दुसरा आक्षेप: मूळ देशातले झिंगे थंडी सोसत असतील, पण आपल्याकडे येतात ते गरम पाण्यातल्या पैदास केंद्रांतून, अनेक पिढ्या उबेत वाढलेले. यात तथ्य आहे, पण ते वेगळ्या दिशेला नेते. अठ्ठावीस अंशांतला झिंगा प्लॅस्टिकच्या पिशवीतून पुण्याहून रात्रीच्या गाडीने जानेवारीत अकलूजला आला, तर तो धडपडणारच. त्यावर उपाय म्हणजे खरेदी दसऱ्याच्या आसपास करावी, पिशवीत थेंब थेंब पाणी सोडत तास-दोन तास घालवावेत आणि मग ऋतूबरोबर त्याला उतरू द्यावे. चार महिने हीटर लावून त्याची सवय कायम ठेवली, तर तो पुढल्या हिवाळ्यातही तितकाच परका राहतो.

आपल्या नद्यांत काय चालते, तेही बघावे. नीरेच्या आणि भीमेच्या काठच्या गवतात, कालव्याच्या फटीत, जुन्या विहिरींच्या पायऱ्यांवर बारीक झिंगे असतातच. कॅरिडिना आणि मॅक्रोब्रॅकियम या वंशांतल्या देशी जाती साऱ्या दख्खनभर पसरलेल्या आहेत. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात कॅरिडिना वेबेरी आणि मॅक्रोब्रॅकियम किस्टनेन्सिस या गोड्या पाण्यातल्या झिंग्यांवर एकेकाळी बरेच काम झाले. हे झिंगे प्रत्येक हिवाळ्यात उघड्या पाण्यात असतात आणि त्यांच्यासाठी कालव्यात कोणी हीटर सोडत नाही. चिनी पाहुणा तर त्यांच्यापेक्षाही थंड मुलखातला.

आणि आता होळीनंतरचा काळ. एप्रिल-मे महिन्यांत माळशिरसची दुपार चाळीस-बेचाळीसवर जाते, पत्र्याखालच्या खोलीत टाकीचे पाणी बत्तीस-तेहतीस गाठते, आणि तेव्हा हीटर विकणाऱ्याकडून एक अक्षरही ऐकू येत नाही. त्या ऋतूत विकण्यासारखी वस्तू नसते हे कारण असू शकेल. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चोवीस, अठ्ठावीस आणि बत्तीस अंशांना हा झिंगा वाढवला. बत्तीसला वाढ खालावली आणि प्रजनन बसले. कारण साधे आहे. समुद्रसपाटीला दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाअकरा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, वीस अंशांना नऊ, पस्तीसला सातच. आपण पठारावर असल्याने त्यातही थोडी कपात. तापलेल्या शरीराची प्राणवायूची मागणी मात्र दर दहा अंशांमागे साधारण दुपटीने चढत जाते. थंडीत मागणी कमी आणि पुरवठा भरपूर, उन्हाळ्यात नेमके उलटे. रात्री झाडेही प्राणवायू खर्च करतात, म्हणून पहाटे झिंगे पृष्ठभागाशी, फिल्टरच्या फेसापाशी गोळा झालेले दिसतात. हा गुदमरण्याचा देखावा आहे आणि तो मे महिन्यातला आहे. उपाय आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात होता: माठ. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे पाचशे ऐंशी किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. टाकीवरची काच काढून जाळी घालावी आणि छोटा पंखा पाण्यावर तिरका लावावा, की आपल्या कोरड्या उन्हाळी हवेत पाणी सहज तीन-चार अंश उतरते. कोकणात दमट हवेमुळे हाच उपाय अर्धाही चालत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी बोअरचे जड पाणी भरत गेले तर क्षार साचतात, म्हणून ही भर घालायला आरओचे पाणी वापरावे. हीटरच्या पैशांत असे दोन पंखे येतात.

माझ्या या प्रतिवादाचा एक गैरफायदा घेतला जाईल, तोही आधीच अडवतो. थंडी सोसतात, जड पाणी चालते, मग जास्त झालेले झिंगे शेततळ्यात किंवा नीरा उजव्या कालव्यात सोडले तर काय बिघडले? बिघडते ते याचमुळे. मोठ्या जंबो कोळंबीची किंवा अमानो झिंग्याची पिल्ले जगायला मचूळ पाणी लागते, त्यामुळे ती समुद्रापासून दूरच्या कालव्यात पसरू शकत नाहीत. चेरी झिंग्याला ती अडचण नाही. अंड्यातून थेट दोन मिलिमीटरचा पुरता झिंगा बाहेर पडतो आणि लगेच चरू लागतो. आपला हिवाळा त्याला रोखणार नाही हे वर दाखवलेच आहे, आणि खोल पाण्यातला उन्हाळा टाकीइतका कडक नसतो. त्याच्याबरोबर कल्ल्यांपाशी आणि कवचावर चिकटून येणारे बारीक किडे देशी झिंग्यांपर्यंत पोहोचतील ते वेगळेच. जास्तीचे झिंगे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावेत किंवा दुकानात परत करावेत, आणि टाकीतून काढलेले पाणीसुद्धा ओढ्यात किंवा गटारीत न ओतता तुळशीच्या कुंडीत ओतावे, कारण त्या बादलीत दोन-चार पिल्ले असतात आणि ती दिसत नाहीत.